कान दुखतोय, मग भाकरी का चावेना?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. वय ७२. मामांनी ३८ वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. शुगर १९ वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत, पण तपासणी कधी होते, कधी राहते.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्यांचा उजवा कान खाजायला लागला. टॉवेलच्या टोकाला पीळ देऊन कानात फिरवायची त्यांची जुनी सवय. मग कान दुखायला लागला, पाणी यायला लागलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी थेंब आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. मेडिकलमधून तेच थेंब आम्ही अजून दोनदा आणले. सासूबाईंनी लसणाचं तेल कोमट करून घातलं. आता सहावा आठवडा आहे. दिवसा मामा काही बोलत नाहीत. रात्री दोन-अडीचला उठून बसतात, कानावर हात दाबून धरतात. ताप अजिबात नाही.

मागच्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आत मांस वाढलंय, तुकडा तपासायला पाठवू, एमआरआय करा, दाखल व्हा, सहा आठवडे तरी औषध चालेल. कागदावर इंग्रजीत ‘मॅलिग्नंट’ असं लिहिलंय. ते वाचून आमचे हे दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत. भावजी पुण्याहून फोनवर म्हणाले, कानाला सहा आठवडे इंजेक्शन कधी ऐकलंय का, लुबाडतायत तुम्हाला. आता सगळे म्हणतात, मार्च एंड होऊ दे, मग बघू. मामा म्हणतात, माझं काय आता, झालं माझं. मी सून. जास्त बोलले तर घरात पैशावरून विषय वाढतो.

आणखी एक, महत्त्वाचं नसेल कदाचित. मामांना शेंगा चटणीबरोबर कडक भाकरी लागते. पंधरा दिवसांपासून त्यांना साधी मऊ भाकरीही चावत नाही, जबडा दुखतो म्हणतात. दाढ दुखत असेल म्हणून दाढही काढली, तरी दुखणं तसंच. आणि दोन दिवसांपासून चूळ भरताना उजव्या बाजूने पाणी गळतं. दाढ काढल्यामुळे असेल.

— एक सून, सोलापूर

*

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही ‘महत्त्वाचं नसेल कदाचित’ म्हणून शेवटी लिहिलीत. ती वाचली आणि पत्राखाली दिलेल्या नंबरवर मी त्याच संध्याकाळी फोन केला. मामांना दोन्ही डोळे घट्ट मिटायला सांगा, असं मी म्हटलं. तुम्ही बघून सांगितलंत की उजवा डोळा पुरता मिटत नाही, पांढरं दिसत राहतं. तेव्हा ‘उद्या सकाळी, मार्च एंडनंतर नाही’ इतकंच आपलं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना दाखल केलंत, ते फार बरं केलंत.

आता मामा त्यांच्या डॉक्टरांच्या हाती आहेत आणि औषध काय, किती, हे तेच ठरवतील. मी इथे लिहिते आहे ते तुमच्या घरातल्या वादासाठी. भावजींना पडलेला प्रश्न चुकीचा नाही. कानाला सहा आठवडे औषध हे ऐकायला विचित्रच वाटतं. म्हणून आधी हे समजून घेऊ की मामांचा आजार आता कानात राहिलेलाच नाही, तो हाडात गेला आहे.

कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे वाकणाऱ्या मऊ हाडाचा, आणि आतला दोन तृतीयांश हाडाचा. हाडावरची कातडी अगदी पातळ. कूर्चेच्या तळाशी जन्मापासूनच बारीक फटी असतात. धडधाकट माणसाच्या कानाला जंतू लागला तर तो कातडीवरच आटोक्यात येतो, आठ-दहा दिवसांत प्रकरण मिटतं. पण अनेक वर्षांच्या मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या असतात, आणि कानातला मळ जितका आंबट असायला हवा तितका राहत नाही. हा आंबटपणा म्हणजे कानाची स्वतःची राखण. ती ढिली पडली की जंतू त्या फटींमधून खाली उतरतो आणि कवटीच्या तळाच्या हाडाला लागतो. वाढत्या वयात शरीराची लढाईही मंदावते, म्हणून हा आजार मुख्यतः म्हाताऱ्या मधुमेही माणसांना गाठतो.

आता कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडून मिटा. बोटाखाली जे हलतं तो जबड्याचा सांधा. कानाच्या नळीची पुढची भिंत आणि हा सांधा एकमेकांना चिकटूनच आहेत. सूज तिथे पोचली की चावताना दुखतं. मामांच्या दाढेचा यात काही दोष नव्हता. बिचारी उगाच गेली. कानाच्या मागे-खाली एका छिद्रातून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस बाहेर पडते. सूज तिथवर गेली की डोळा मिटत नाही, ओठाचा कोपरा ढिला पडतो आणि चूळ गळते. त्याहून आत गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा आहेत. म्हणजे भाकरी, मग चूळ, हा क्रम तुम्ही घरात बसून जसा टिपलात तसाच हा आजार आत सरकतो. त्याची पुढची पायरी आवाज घोगरा होणं आणि पाणी पिताना ठसका लागणं ही असते. आपल्याला त्या पायरीच्या आधीच त्याला अडवायचं आहे.

चेहरा वाकडा झाला की आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात आणि माणसाला मालिशवाल्याकडे किंवा गावठी औषधाला नेतात. कुणी तसं सुचवलं तर ठाम नाही म्हणा. तोंड अचानक वाकडं होणं हा मेंदूचा झटकाही असू शकतो आणि मामांसारखं कानाचं दुखणंही असू शकतं. दोन्ही वेळा दवाखान्यातच जायचं असतं, तेही त्याच दिवशी. गाडीची सोय नसेल तर १०८ लावा.

ताप नाही म्हणून तुम्ही सगळे थोडे निर्धास्त राहिलात, यात नवल नाही. या आजारात बहुतेकांना ताप येतच नाही. कानाचा पडदाही सहसा शाबूत असतो. ऐकू कमी येतंय, ही खूण तर मामांच्या बाबतीत निकामीच होती. ३८ वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचं ऐकणं आधीच कमी झालेलं असतं, त्यात अजून थोडं कमी झालं तर त्याला किंवा घरच्यांना ते कळणार कसं? उरली एकच खूण, ती म्हणजे ठणका. कानात दिसतं त्या मानाने फार जास्त दुखणं, रात्री वाढणारं, झोपेतून उठवणारं. मधुमेही म्हाताऱ्या माणसाला कान रात्री जागवत असेल, तर तपासून खात्री होईपर्यंत ते हाडाचं दुखणं समजायचं. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पाठ करायला लावत असे, आणि त्याला कारण आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे एक साठीपुढच्या आजी आल्या. विड्या वळणाऱ्या. शुगर होती. कान खाजतो का, पू येतो का, ऐकू कमी येतं का, सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दुखतंय थोडं.’ मी थेंब दिले. दहा दिवसांनी पुन्हा थेंब. तिसऱ्या वेळी त्यांची मुलगी बरोबर आली आणि म्हणाली, ‘मॅडम, आई रात्रभर भिंतीला टेकून बसते, दाबल्याशिवाय कान राहतच नाही म्हणते.’ तोवर चेहऱ्याची एक बाजू उतरली होती. आजी वाचल्या, पण तो डोळा कधीच पूर्ण मिटला नाही. मी त्यांना सगळं विचारलं होतं, एवढंच विचारलं नव्हतं की रात्री झोपता का. आयुष्यभर राबलेली माणसं दुखणं ‘थोडं’च सांगतात. त्यांची रात्र घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असते. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही आहात, ताई. म्हणून ‘मी सून, माझं काय’ हे मनातून काढून टाका. तुमच्या घरातलं निदान तुम्हीच केलं आहे.

‘मॅलिग्नंट’ या शब्दाबद्दल. तुमच्या मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा. हा कॅन्सर आहे असा त्याचा अर्थ नाही. १९६८ साली चँडलर नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण एकत्र करून मांडले, तेव्हा त्यातले जवळपास निम्मे दगावले होते. आजाराची ही दुष्ट चाल बघून त्यांनी त्याला कानाचा ‘मॅलिग्नंट’ दाह म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. हल्ली बरेच डॉक्टर ते टाळतात आणि हाड-मांस कुजवणारा कानाचा दाह अशा अर्थाचं नाव लिहितात, कारण जुन्या नावाने घरंच्या घरं हादरतात. त्या काळच्या आणि आजच्या औषधांत फार अंतर आहे. वेळेत पकडला आणि पूर्ण उपचार झाला तर बहुतेक माणसं यातून बाहेर येतात. मात्र हा किरकोळ आजार आहे असंही मी म्हणणार नाही. चेहऱ्याची नस दुखावलेली असली की ती सावकाश सुधारते, कधी पूर्ण सुधारतही नाही. ही शक्यता तुम्ही आणि मामांनी आत्ताच मनात धरून ठेवलेली बरी.

मग तुकडा कशाला काढायचा? कानाच्या नळीतला खराखुरा कॅन्सरही क्वचित असाच दिसतो. तसंच वाढलेलं मांस, तसंच दुखणं. डोळ्यांनी बघून दोन्ही वेगळे सांगता येत नाहीत. म्हणून तुकडा काढणं हे डॉक्टरांच्या सावधपणाचं लक्षण आहे, त्यात पैसे काढायचा हेतू शोधू नका. त्याच वेळी पू आणि तो तुकडा कल्चरसाठीही जातो. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं ते त्यातून कळतं.

हा जंतू बहुतेक वेळा सुडोमोनास नावाचा असतो. तो ओलाव्यात राहतो. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं, पिंपात साठवावं लागतं, म्हणून पाण्यालाच दोष द्यावा असं कुणाला वाटेल. पण घरातल्या सगळ्यांच्या कानात तेच पाणी जातं आणि आजारी मामाच पडतात. फरक शुगरचा आहे, आणि पीळ दिलेल्या टॉवेलने नळीची कातडी सोलली त्याचा. क्वचित जंतूऐवजी बुरशी असते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत २०२१ साली नाकातल्या काळ्या बुरशीने काय हाल केले ते सगळ्यांना आठवत असेल. तिथेही वाढलेल्या साखरेनेच वाट करून दिली होती. मामांचा आजार तो नव्हे. पण कल्चरमध्ये काही उगवलं नाही आणि औषधाने फरक पडत नसेल, तर ‘बुरशीसाठी तपासलं का’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.

कल्चर कोरं यायचं एक कारण आपल्या घरातच असतं. मेडिकलमधून परत परत आणलेले थेंब, आणि पाच दिवस घेऊन सोडलेल्या गोळ्या. यात आतला जंतू मरत नाही, दबून बसतो आणि त्या औषधाला सरावतो. पुढे तपासणीत तो सापडत नाही, सापडला तर साध्या औषधाला दाद देत नाही. थेंबांत स्टेरॉईड असेल तर सूज उतरून दोन दिवस बरं वाटतं आणि माणूस फसतो. तुम्हाला ‘चार दिवस बरं वाटलं’ ते बहुधा असंच. लसणाच्या तेलाबद्दल सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांनी मायेनं घातलं, आणि आजार तेलाने झालेला नाही. इथून पुढे मात्र कानात तेल नको, पाणी नको, काडी, किल्ली, पीन, टॉवेल काहीही नको.

आता सहा आठवड्यांचा प्रश्न.

कातडीला भरपूर रक्त मिळतं, म्हणून तिथे औषध लगेच पोचतं. कुजलेल्या हाडात रक्तच नीट जात नाही, तर औषध कुठून जाणार? हाडात नवा रक्तपुरवठा तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत औषध रक्तात सतत असावं लागतं. सुरुवातीला ते शिरेतून देतात, नंतर जंतूला लागू असेल आणि तब्येत साथ देत असेल तर गोळ्यांवर आणतात. काहींना सहा आठवडे पुरतात, काहींना जास्त लागतात. खरी अडचण अशी की ठणका त्याच्या आधीच थांबतो. कान कोरडा होतो, माणूस झोपायला लागतो, आणि घरात बोलणं सुरू होतं की आता कशाला एवढं औषध. अनेकांचा घात इथेच होतो. अर्धवट सोडलेला हा आजार काही महिन्यांनी परत येतो, आणि परत येताना आणखी आत गेलेला असतो.

मामांना हे मी सांगत असते तर मागावरचं सांगितलं असतं. ताण्यातला एक धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारायची असते. आज दिसत नाही म्हणून तसाच चालवला तर पुढची सगळी चादर डागी निघते. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

औषध कधी थांबवायचं, हे ठणका थांबण्यावरून ठरत नाही. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. त्यांचे आकडे सावकाश उतरतात, त्यांवर नजर ठेवतात. सीटी स्कॅनबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. हाडातला बराच क्षार निघून गेल्याशिवाय सीटीत काही दिसत नाही, म्हणून सुरुवातीचा सीटी ‘नॉर्मल’ आला तरी आजार असू शकतो. उलट आजार बरा झाल्यावरही सीटीतला बदल कित्येक महिने तसाच राहतो. एमआरआयमध्ये नसा आणि आजूबाजूचं मांस चांगलं दिसतं. म्हणून दोन्ही सांगितलं तर ‘एकाच गोष्टीचे दोनदा पैसे’ असं समजू नका. शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: या तपासणीने उपचारात काय बदलणार आहे? चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तेही खुशाल घ्या, फक्त चालू औषध न थांबवता.

पैशाचं. सहा आठवडे म्हणजे सगळे दिवस खाटेवर असं नाही. आजार आटोक्यात येतोय असं दिसलं की अनेकांना घरी सोडतात, मग रोज इंजेक्शनपुरतं जाऊन यायचं किंवा गोळ्या. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कान-नाक-घशाचा विभाग आहे आणि शुगर, किडनी, डोळा बघणारेही एकाच आवारात आहेत. या आजाराला सगळ्यांचीच गरज पडते. मामा ७२ वर्षांचे आहेत, म्हणजे ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना काढता येतं. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही विचारा. आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे या योजनांची मदत करणाऱ्या माणसाकडे जा, आणि या आजाराला, या ठिकाणी काय लागू होतं ते लेखी विचारून घ्या. हे काम भावजींवर सोपवा. ते पुण्यात आहेत, शंका घेतात, म्हणजे कागद नीट वाचतील. दूर राहणाऱ्या मुलाच्या शंकेमागे बरेचदा आपण तिथे नसल्याची टोचणी असते. त्याला काम मिळालं की शंका कमी होते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही एक वही करा. रात्री किती वेळा उठले, दुखणं कमी करायची गोळी किती घेतली, सकाळची आणि जेवणानंतरची शुगर किती आली, काय खाल्लं, डोळा किती मिटतो. दोन ओळी पुरेत, रोज. डॉक्टरांच्या राउंडला ती वही पुढे करा. ‘मला वाटतं’ असं सुनेने म्हटलं तर घरात वाद होतो, वहीतल्या आकड्यांशी कुणी वाद घालत नाही.

शुगर दवाखान्यात इन्सुलिनने ताब्यात आणतील. जंतूमुळे साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेवर जंतू माजतो, हे चक्र लवकर तोडायला इन्सुलिनच हवं. ‘एकदा लागलं की कायमचं’ या भीतीपायी नाही म्हणू नका. आजार गेल्यावर पुष्कळांचं इन्सुलिन बंद होतं किंवा कमी होतं. पुढे घरी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी दिली, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. ती दूध, कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर घेतली तर नीट अंगी लागत नाही, म्हणून ती त्यांच्या किमान दोन तास आधी द्या. शुगरच्या काही गोळ्यांबरोबर तिने साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा मामांना दरदरून घाम सुटला, थरथर झाली, बोलणं असंबद्ध झालं तर आधी साखर-पाणी आणि मग फोन. आणि टाचेच्या मागची शीर दुखायला लागली तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना कळवा. म्हातारपणी या औषधाने ती शीर कमकुवत होऊ शकते. इंजेक्शनं चालू असताना किडनीची तपासणी अधूनमधून करतीलच, नाही केली तर आठवण करा.

डोळ्याची काळजी तुमच्या हातात आहे. मिटत नसलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते, आणि मग चेहरा सुधारला तरी नजर गेलेली असते. दिवसा सांगितलेले थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वरून चिकटपट्टी. पट्टी कशी लावायची ते सिस्टरकडून एकदा समोर करून बघून घ्या. फेब्रुवारी सरतोय, सोलापूरचं ऊन आणि धूळ आता वाढतच जाणार. बाहेर नेताना गॉगल लावा. लाल झाला, टोचायला लागला की त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.

आवाज बदलला, गिळताना ठसका लागला, एक खांदा उतरला, एकाचे दोन दिसायला लागले, डोकं असह्य दुखलं किंवा मामा गुंगीत जायला लागले, तर रात्र असो, सण असो, थांबायचं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं. प्रत्येक दुखरा कान असा नसतो, घाबरून जाऊ नका. मळ सुटतो, नळीत पुळी येते, पोहून आल्यावर कान धरतो, हे सगळं साधं आणि आठवडाभरात बरं होणारं. पण घरात साठीपुढचं मधुमेही माणूस असेल आणि कान आठवड्यात शांत झाला नाही, किंवा एका रात्रीही झोपेतून उठवलं, तर तिसऱ्यांदा थेंब न आणता कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा आणि शुगर आहे हे बसल्या बसल्या सांगा. कान साफ करायचा असेल तरी आधी हेच सांगा. मधुमेही माणसाचा मळ पाण्याच्या पिचकारीने काढण्यापेक्षा सक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, कोरडा काढणं सुरक्षित. यात्रेत, बाजारात बसणाऱ्यांकडून तर काढूच नका. कानाचं यंत्र वापरत असाल तर रात्री काढून ठेवा, कानात जाणारा भाग पुसून कोरडा ठेवा. केमोथेरपी चालू आहे, किडनी बदललेली आहे, स्टेरॉईड चालू आहेत, अशा कुणाचाही कान याच नियमात येतो, शुगर नसली तरी.

मामांशी कसं बोलायचं, हे तुम्ही फोनवर विचारलं होतं. ‘माझं काय आता’ म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालू नका. रोजचा हिशेब त्यांच्या हातात द्या. सहा आठवड्यांचे ४२ चौकोन आखलेला कागद खाटेजवळ लावा आणि इंजेक्शन झालं की त्यांनाच फुली मारू द्या. ज्याने आयुष्यभर नग मोजून दिले, तो माणूस मधलं एक सुटू देणार नाही.

आणि खाण्याचं, कारण तिथे चूक होते. चावत नाही म्हणून आजारी माणसाला आपण शिरा, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किटं देतो आणि तीनशेच्या घरातली शुगर चारशेवर नेतो. मामांना ज्वारीची आंबील द्या, भाकरी आमटीत कुस्करून, मुगाचं वरण, मऊ शिजवलेली पालेभाजी, खात असतील तर अंड्याची भुर्जी. दह्यात कालवून थोडी शेंगा चटणीही चालेल, तेवढीच त्यांच्या तोंडाला चव. किडनीसाठी वेगळं पथ्य सांगितलं असेल तर मात्र तेच पाळायचं. कडक भाकरीचा आग्रह कुणी करू नका. एक दिवस ते स्वतः मागतील. त्या दिवशी एक लहान तुकडा द्या, कोणत्या बाजूने चावला ते बघा, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या पत्रात मला ती तारीख कळवा.